फोटोखालची अर्धी ओळ

अलका गेल्याचं मला सकाळी पावणेअकराला कळलं. सेलूहून तिच्या धाकट्या बहिणीचा, सुरेखाचा फोन आला. "ताई गेली," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "किती वाजता?" ती म्हणाली, "सातच्या सुमाराला. चहा गाळत होती." मी विचारलं, "वय किती होतं?" ती म्हणाली, "सर, सगळी नोकरी तिनं तुमच्याकडेच केली. तुम्हालाच माहीत असेल." ते खरं होतं. मी कागदावर बावन्न लिहिलं, खाली 'हृदयविकार' लिहिलं, अंत्यसंस्काराची वेळ लिहून घेतली आणि फोन ठेवला. मग सहा ओळींची बातमी तयार करून पाठवली. तिच्यात एकही चूक नव्हती. त्यानंतर डबा उघडला, भेंडीची भाजी होती, ती पूर्ण खाल्ली... आणि सेलूला निघालो.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. पुरवणीसाठी अलकावर लिहायला मला सांगितलं गेलं, कारण अठ्ठावीस वर्षं तिचा प्रत्येक मजकूर माझ्या टेबलावरून छपाईला गेला. परभणीच्या आमच्या कार्यालयात मी बातम्या तपासणारा माणूस. ती बाहेर फिरणारी. वाचकांना तिचं नाव ओळखीचं आहे. लग्नातले बँडवाले, शंकरपटाच्या, म्हणजे शर्यतीच्या बैलजोड्या घेऊन गावोगाव हिंडणारे शौकीन, सेलूच्या जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या बाया, मेंढरं घेऊन आठ महिने घराबाहेर असणारी कुटुंबं, अशा लोकांबद्दल तिनं लिहिलं. त्यांना आपण रोज पाहतो आणि गाडीचा हॉर्न वाजवून पुढे जातो. ती थांबायची. मुलाखत वगैरे घ्यायची नाही, जाऊन राहायची. पहिले पंधरा दिवस वही पिशवीतून बाहेर काढायची नाही, असा तिचा नियम होता. शाळेची शंभर पानी वही. डाव्या पानावर लोक काय बोलले ते, उजव्या पानावर तिनं स्वतः काय पाहिलं ते. दोन्ही एकमेकांत मिसळू द्यायची नाही. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.

मी शिकवलं ते वेगळं. ती नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. सेलूच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि तिनं बातमीत 'गाड्यांची प्रचंड गर्दी' असं लिहून आणलं. मी ते दोन शब्द लाल पेनानं खोडले आणि विचारलं, "प्रचंड म्हणजे किती?" तिला सांगता येईना. मी तिला दुपारच्या गाडीनं सेलूला परत पाठवलं. संध्याकाळी ती आली, चपला धुळीनं भरलेल्या, चेहरा रागानं लाल. तिनं आकडा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "सर, मोजताना एकेका गाडीवानाचं तोंड बघावं लागलं. सगळे कंटाळलेत." मी म्हणालो, "तोंडं राहू दे. आकडा बरोबर आहे ना?" आकडा बरोबर होता. तेव्हापासून तिच्या मजकुरात 'अनेक', 'असंख्य', 'मोठ्या प्रमाणावर' हे शब्द मला कधी सापडले नाहीत. कार्यालयात पोरं माझ्या पाठीमागे मला 'किती सर' म्हणत. ते नाव तिनंच ठेवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

बँडवाल्यांबरोबर ती एक अख्खी लग्नसराई होती. तिला काही वाजवता येत नव्हतं, म्हणून तिच्या हातात खुळखुळा दिला गेला. जरीच्या गोंड्यांचा लाल कोट घालून ती परभणीच्या रस्त्यांवरून वरातीपुढे चालली. एका वरातीत आमच्याच वितरकानं तिला ओळखलं आणि तोंड फिरवून घेतलं. लेखमाला छापून आली तेव्हा बँडचा मालक पेढे घेऊन कार्यालयात आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "म्याडम, लिहिता लय झकास. पर खुळखुळा ताल सोडून हलवायलात, ते काही लिहिलं न्हाई तुमी." अलका म्हणाली, "ते तुमच्या बाजूच्या पानावर आहे." तिनं वही उघडून दाखवली. डाव्या पानावर खरोखरच, वरातीत तो बोलला होता ते हेच वाक्य तारखेसह होतं.

मेंढपाळांकडे ती पाच वर्षांपूर्वी गेली. राणीसावरगावच्या बाजूच्या डोंगराळ भागातली काही कुटुंबं पिकं निघाली की मेंढरं घेऊन खाली उतरतात. गोदावरी ओलांडून काळ्या रानात येतात आणि पाऊस पडेपर्यंत शेताशेतांत मुक्काम करतात. रात्री मेंढरं ज्या शेतात बसतात, त्या शेताला खत मिळतं. म्हणून शेतकरी त्यांना बोलावून नेतात. अशा एका कुटुंबात अलका राहिली. मारोतीमामा आणि धुरपताबाई हे नवरा-बायको, त्यांचा मुलगा-सून, दोन घोडी, कोंबड्या आणि मेंढरं. दर महिन्याला दोन-तीन दिवस ती परभणीला यायची, अंगाला लोकरीचा वास घेऊन. पहिल्यांदा आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणतात?" ती म्हणाली, "मला चहाचं काम दिलंय. भाकरी येत नाहीत म्हणून." धुरपताबाई तिला बाई म्हणायच्या. पुढे 'ए पोरी' म्हणायला लागल्या. हा बदल अलकानं उजव्या पानावर लिहून ठेवला होता.

या लोकांची एक रीत आहे. मेंढरं मोजत नाहीत. कोणी विचारलं, "किती हायेत?" तर उत्तर येतं, "हायेत की देवाच्या दयेनं." मोजली की दृष्ट लागते, कळप घटतो, असं मानतात. मग एखादं मेंढरू हरवलं तर कळतं कसं, हे अलकानं विचारलं होतं. संध्याकाळी कळप परत येतो तेव्हा जाळीच्या कुंपणाला एका जागी वाट ठेवतात. त्या वाटेशी धुरपताबाई उभ्या राहतात. मेंढरं एकेक करून आत जातात. शेवटचं आत गेलं की त्या मागे वळून म्हणतात, "बुची आली न्हाई." बुची म्हणजे आखूड कानांची. मग मारोतीमामा ओढ्याकडे जातात आणि बुचीला घेऊन येतात. अलकाला हे जमेना. ती रोज त्यांच्या शेजारी उभी राहायची आणि रोज चुकायची. धुरपताबाई तिला म्हणाल्या होत्या, "शाळंनं डोळे फोडले बग तुजे. आकडा दिसतो, तोंड दिसंना." दोन महिन्यांनी एका संध्याकाळी अलका त्यांच्याआधी म्हणाली, "मावशी, बांडी कुठाय?" बांडी, म्हणजे ठिपक्यांची, खरोखरच मागे राहिली होती. त्या दिवशी धुरपताबाईंनी आपल्या मेंढरांच्या लोकरीची एक घोंगडी तिच्या अंगावर टाकली. हे मला अलकानं दोनदा सांगितलं. ती कोणतीही गोष्ट दोनदा सांगत नसे.

लेखमालेचा पहिला भाग आला तेव्हा त्यात 'मोठा कळप' असं लिहिलेलं होतं. मी फोन केला. "मोठा म्हणजे किती?" ती म्हणाली, "सर, ते मोजत नाहीत. लेखात पुढे आहे." मी म्हणालो, "ते मोजत नाहीत. तू मोजली असशील." ती म्हणाली, "मोजलीत. एका फोटोवरून, टिकल्या मारून. पण ते छापायचं नाही." मी म्हणालो, "मला तरी सांग." तिनं आकडा सांगितला. मी तो लाल पेनानं मजकुराच्या कडेला लिहून ठेवला. छापायचा नाही हे मला मान्य होतं. मजकुरात मी तो घातलाही नाही.

पुरवणीचं पान लावताना फोटोखालची ओळ कमी पडली. जाळीच्या वाटेशी उभ्या असलेल्या धुरपताबाई आणि आत जाणारी मेंढरं, असा तो फोटो. ओळ अर्ध्यावर संपत होती आणि उजवीकडे पांढरी जागा राहत होती. आमच्या कामात अशी अर्धी ओळ वाईट दिसते. समोर मजकूर होता, कडेला लाल आकडा होता. मी तो ओळीत घातला. ओळ बरोबर भरली. हे करताना मला अलकाचं बोलणं आठवलं नाही, असं मी सांगू शकत नाही. आठवलं होतं की नाही, हेच मला आठवत नाही. हाताला सवय होती.

रविवारी सकाळी तिचा फोन आला. "सर, फोटोखाली आकडा गेलाय." मी म्हणालो, "हो, ओळ रिकामी राहत होती." ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला. ज्या शेतात मुक्काम होता, त्या शेतकऱ्याच्या घरी पुरवणी येत होती. त्याच्या मुलानं ती कौतुकानं शेतात नेली आणि मारोतीमामांना फोटो दाखवून खालची ओळ मोठ्यानं वाचली. पुढच्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला, गार वारं सुटलं. उघड्या रानात मेंढरं भिजली आणि त्यातली बरीच मेली. 'बरीच' हा शब्द मी खोडत नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा आजार सांगितला. आसपासच्या मुक्कामांवरचे लोक मात्र वेगळंच बोलत होते.

धुरपताबाईंनी अलकाला एकच प्रश्न विचारला. "तू मोजलीस?" ती म्हणाली, "हो, मावशी. मीच मोजली." कार्यालयाचं नाव तिनं घेतलं नाही, माझंही नाही. धुरपताबाई पुढे काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिऱ्हाड घोड्यांवर लादलं आणि तिला चल म्हटलं नाही. ती शेताच्या बांधावर पिशवी घेऊन उभी राहिली. नंतर रस्त्यावर येऊन एसटी पकडली.

लेखमालेचे उरलेले भाग तिनं लिहून दिले. त्यांत कुठेही कसूर नव्हती. त्यांचं पुस्तक करायचं का, असं एका प्रकाशकानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मावशी बोलली की." त्यानंतर दरवर्षी दिवाळीच्या आधी ती राणीसावरगावला जायची आणि हिवाळ्यात मुक्काम कुठे आहे ते शोधून एकदा तिथेही जायची. परत आली की मी विचारायचो, "बोलल्या का?" ती म्हणायची, "पाणी दिलं." पुढच्या वर्षी, "पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं." एवढंच. चार वर्षं हे असं चाललं. तिचं इतर काम सुरू होतं, बातम्या वेळेवर येत होत्या. पण कोणत्याही नव्या माणसांमध्ये ती पुन्हा राहायला गेली नाही. एकदा मी म्हणालो, "मी येऊन सांगतो त्यांना, छापलं मी म्हणून." ती खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसून वहीच्या पानांना नंबर टाकत होती. मान वर न करता म्हणाली, "मोजली तर मीच होती ना, सर." मी पुन्हा विचारलं नाही. तिनं नको म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं, ही गोष्ट नोंदवून ठेवतो.

या वर्षी दिवाळीत ती आजारी होती. डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलं होतं. राणीसावरगावला जाणं राहून गेलं. हिवाळ्यात जाऊ, म्हणाली.

तेराव्यानंतर सुरेखानं मला घरी बोलावलं आणि एक पिशवी दिली. आत घोंगडी होती, धुवून, चौकोनी घडी घातलेली. "हे परत करायचंय, असं ताई म्हणायची," ती म्हणाली. "कोणाला ते तुम्हाला माहीत असेल म्हणाली." मला माहीत होतं. चौकशी करायला तीन दिवस लागले. मुक्काम चारठाण्याच्या पुढे, एका हरभरा निघालेल्या रानात होता. मी दुपारी तिथे पोचलो. धुरपताबाई जमिनीवर बसून जाळीचा फाटलेला भाग सांधत होत्या. फोटोतल्यापेक्षा लहान दिसल्या. मी परभणीहून आलोय आणि अलकाच्या पेपरातला आहे, असं सांगितलं. त्यांनी माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं. "तिला काहून न्हाई आनलं? दिवाळीला बी आली न्हाई ती."

मी सांगितलं. सहा ओळींच्या बातमीत होतं तेवढंच, त्याच क्रमानं. त्यांचा हात जाळीवर थांबला. मग म्हणाल्या, "चालायची लय. पाय दुखायले म्हनून कदी म्हनली न्हाई." थोड्या वेळानं मारोतीमामांना हाक मारली, "आवं, आपली पेपरवाली गेली." ते जिथे होते तिथेच खाली बसले आणि डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. कोणी रडलं नाही.

मग मी जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. आकडा छापू नका असं तिनं बजावलं होतं. तो मी छापला. ओळ भरायला. तिनं माझं नाव घेतलं नाही. धुरपताबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मेंढरं पावसानं मेली, साहेब," त्या म्हणाल्या. "मला तवाच मालूम होतं. मानसं लय बोलली, मी न्हाई बोलले."

"मग तिच्याशी बोलणं का सोडलंत?"

"माज्या चुलीम्होरं बसून, माजी भाकर खाऊन, मला न इचारता मोजली तिनं. इचारलं असतं तर मी न्हाई म्हनले असते. अन् ती ऐकली असती. लय ऐकायची." त्यांनी जाळीची गाठ दातांनी ओढून घट्ट केली. "औंदा आली की चहा ठिव म्हननार होते तिला..."

मी जे ओझं घेऊन गेलो होतो, ते तिथे कोणाला नकोच होतं आणि जे खरं ओझं होतं, ते अलकाला उचलताच आलं नसतं, कारण ते काय आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मोजायला तिला मी शिकवलं होतं. हेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ती कशासाठी ते मला कळलं नाही.

उन्हं उतरल्यावर कळप परत आला. धुरपताबाई उठून जाळीच्या वाटेशी उभ्या राहिल्या. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो, जिथे अलका उभी राहत असणार. मेंढरं आत जाऊ लागली आणि माझे ओठ हलायला लागले. त्यांच्या ते लक्षात आलं. "मोजू नगा," त्या म्हणाल्या. "तोंडं बगा." मी पाहिली. मला सगळी सारखी दिसली. त्या शेवटपर्यंत पाहत राहिल्या, कुंपणाची वाट बंद केली, म्हणाल्या, "आली समदी." निघताना मी पिशवी पुढे केली. त्यांनी घोंगडी बाहेर काढली, नाकाला लावली, साबणाचा वास आला असावा, कारण तोंड वाकडं केलं. "धुतली काहून? लोकर मरती अशानं." पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवली आणि पिशवी माझ्या हातात दिली. "दिल्याली वस्तू आमी माघारी घेत न्हाई. तिच्या जाग्यावर ठिवा."

घोंगडी आता कार्यालयात खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीवर आहे. त्या खुर्चीवर कोणी बसू नये असं मी सांगितलेलं नाही, पण कोणी बसत नाही. संध्याकाळी पानं लावायच्या आधी सगळे जमतात. पूर्वी मी हजर माणसं मोजायचो. आता एकेकाचं तोंड बघतो. वेळ जास्त लागतो.

या लेखासोबत जो फोटो दिला आहे, तो तोच जुना, जाळीच्या वाटेशी काढलेला. धुरपताबाईंच्या बाजूला, फोटोच्या अगदी कडेला, अलका आहे. पाच वर्षांपूर्वी जागा वाचवण्यासाठी मी तिला कापलं होतं. खाली मी एवढंच लिहून दिलं आहे: धुरपताबाई, अलका आणि मेंढरं. पान लावणाऱ्या मुलीनं काल विचारलं, "सर, मेंढरं किती? ओळ अर्धीच भरतेय." आकडा मला अजून पाठ आहे. मी तिला म्हणालो, अर्धी राहू दे.